हवेत हरवलेली दिशा

2019 सालची गोष्ट. दहा वर्षांची आमची लेक एक दिवस जिममध्ये उलटी कोलांटी मारायची थांबली, ती थांबलीच. आदल्या आठवड्यापर्यंत हसतखेळत मारत होती! "आई, मी हवेत कुठे आहे तेच मला कळत नाही," रडत म्हणाली. मी काय म्हणावं? "नाटकं पुरेत, एवढी फी भरतो आम्ही!"

मग 27 जुलै 2021 उजाडला. टोकियो ऑलिंपिकची सांघिक अंतिम फेरी आम्ही दोघींनी टीव्हीवर पाहिली. सिमोन बाइल्स व्हॉल्टकडे धावली. हवेत अडीच पिळे घ्यायचे होते, झाले दीडच. कशीबशी पायांवर उतरली. गुण 13.766. तिने माघार घेतली. अमेरिकेला रौप्य मिळालं, रशियन संघाला सुवर्ण. "घाबरली", "संघाला बुडवलं" अशी टीकाही झाली. जिम्नॅस्ट मंडळींनी मात्र लगेच ओळखलं. ते याला 'ट्विस्टीज' म्हणतात.

हवेत विचार करायला वेळच नसतो. डोळे, आतला कान आणि स्नायू यांच्या खुणा मेंदू आपोआप जुळवतो. ती जुळणी बिघडली की जमीन कुठे आहे तेच कळत नाही. अंधारात जिना उतरताना पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसंच. फक्त इथे डोकं खाली असतं! जिद्दीने हे सुटत नाही. सोप्या उड्यांपासून पुन्हा हळूहळू सुरुवात करावी लागते.

बळजबरीची किंमत या खेळाने आधीच मोजली आहे. 1978 ची विश्वविजेती, सोव्हिएत संघाची एलेना मुखिना. मोडलेला पाय पुरता सावरण्याआधीच तिला सरावाला जुंपलं. 3 जुलै 1980 रोजी, मॉस्को ऑलिंपिकच्या तोंडावर, मिन्स्कमध्ये पावणेदोन कोलांट्या आणि दीड पिळ्यांची उडी चुकली. मान मोडली. वीस वर्षांची मुलगी कायमची अंथरुणाला खिळली. 2006 साली गेली. तिला ट्विस्टीज नव्हते, पण शरीर नको म्हणत होतं आणि ऐकणारं कुणी नव्हतं.

सिमोन थांबली, म्हणून परतली. 3 ऑगस्टला पिळा नसलेली उतरण घेऊन बीमवर कांस्य, आणि 2024 मध्ये पॅरिसला तीन सुवर्णं, एक रौप्य.

त्या दिवशी टीव्ही बंद करून लेक एवढंच म्हणाली, "आई, मी हेच सांगत होते गं." मी तिची माफी मागितली. दोन वर्षं उशीर झाला होता.