जमा आणि नावे

वडिलांची इच्छा एकच : मुलाने लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमध्ये जावे. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली नागपुरात उभे राहिलेले हे रसायनाचे मंदिर. पण आमची गाडी शाळेतच अडली. ४ ग्रॅम हायड्रोजन, ३२ ग्रॅम ऑक्सिजन, तर पाणी किती? मी म्हणालो, "पेलाभर." सरांनी कॉमर्सचा रस्ता दाखवला.

पुढे बँकेत एकदा कॅश जुळेना, तेव्हा रात्री दहाला डोक्यात प्रकाश पडला. जितके जमा तितकेच नावे; म्हणजे ३६ ग्रॅम! १७८९ साली हा नियम ग्रंथात मांडणारा लाव्हाझिएही मूळचा आमच्याच गोत्रातला, राजाचा कर वसूल करणाऱ्या कंपनीचा भागीदार. त्यापायीच १७९४ साली बिचाऱ्याचे डोके गेले. त्याचा हिशेब मात्र अजून जुळतो.

हे वडिलांना सांगायचे राहून गेले. तेवढी एक नोंद जुळत नाही.