शेवटचा घास

आज लढाई नाही, किल्ला नाही, तहाची कलमंही नाहीत. आज ताटाविषयी बोलायचं आहे. फौजी माणसाचा हा विषय नव्हे, असं तुम्हाला वाटेल. पण माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं नुकसान शत्रूने केलेलं नाही, ते माझ्या जिभेने केलं.

2004 साली मी लखनौला होतो. त्याआधी बर्फातल्या ठाण्यावर होतो. तिथे भूकच मरते. समोर सुका मेवा, चॉकलेट, कंडेन्स्ड मिल्क सगळं असतं आणि घास उतरत नाही. खाली आलो तो वचपा काढायच्या तयारीनेच, आणि गाव मिळालं लखनौ! सकाळी चौकात निहारी-कुलचा, थंडीत गोल दरवाज्यापाशी मख्खन मलाई, संध्याकाळी गलौटी कबाब. मेसमध्ये डिनर नाइट, जवानांबरोबर बडा खाना. बड्या खान्यात साहेबाने हात आखडता घेतला की जवानाला ते लागतं, म्हणून तिथल्या आग्रहाला मी कधी नाही म्हटलं नाही. काम मात्र आता खुर्चीतलं होतं. वार्षिक तपासणीत वजन ठरलेल्या मापापेक्षा 14 किलो जास्त भरलं, रक्तदाबही वर. मेडिकल कॅटेगरी उतरली. ज्या नेमणुकीची सहा वर्षं वाट पाहिली होती, ती दुसऱ्या अधिकाऱ्याला गेली. मी चिडून सगळंच बंद केलं. तूप नाही, भात नाही, गोड नाही, मटण नाही. 18 दिवस टिकलो. नंतर जे खाल्लं त्याचा हिशेब नको.

त्याच थंडीत एका रविवारी आम्ही दोघं श्रावस्ती पाहायला गेलो. लखनौहून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. आज तिथे सहेट आणि महेट अशी दोन नावं ऐकू येतात. महेट म्हणजे जुनं तटबंदीचं शहर आणि सहेट म्हणजे जेतवन, जिथे बुद्धांनी अनेक पावसाळे काढले. जनरल कनिंगहॅमने एकोणिसाव्या शतकात ही जागा ओळखली. हा फौजी इंजिनिअर. आमच्याच धंद्यातला माणूस, म्हणून मला त्याचं जरा जास्त कौतुक आहे. तिथल्या विटांच्या पायांवर बसून डबा उघडला, तेव्हा पत्नीने बरोबर आणलेल्या पुस्तकातली पसेनदी राजाची गोष्ट वाचून दाखवली.

पसेनदी, संस्कृतात प्रसेनजित, हा कोसलचा राजा. मगधाच्या तोडीचं राज्य. ही गोष्ट पाली संयुत्त निकायात, कोसल संयुत्तात आहे, आणि अगदी छोटी आहे. राजा एका वेळी द्रोणभर तांदळाचा भात खायचा. हा द्रोण म्हणजे आपला पळसाच्या पानांचा नव्हे, ते धान्याचं मोठं माप. असा जेवून तो धापा टाकत बुद्धांकडे आला आणि बाजूला बसला. बुद्धांनी त्याला खाऊ नकोस असं म्हटलं नाही, उपास सांगितला नाही, मांस सोडायला सांगितलं नाही. फक्त एक गाथा ऐकवली. तिचा आशय असा, की जो भानावर राहून अन्नाचं माप ओळखतो त्याच्या वेदना कमी होतात आणि म्हातारपण सावकाश येतं.

आता पुढचं बघा. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजा त्याला म्हणाला, ही गाथा पाठ कर आणि माझं जेवण आलं की म्हणत जा, रोजचे 100 कहापण देईन. म्हणजे राजाला स्वतःचा भरवसा नव्हता, आणि ते त्याने लपवलं नाही. स्वतःवर पहारा बसवला, तोही पगारी. हळूहळू राजा एका नाळीच्या भातावर आला. नाळी हे द्रोणाहून कितीतरी लहान माप.

मूळ सूत्रात एवढंच आहे. कित्येक शतकांनी लिहिलेल्या धम्मपदाच्या अट्ठकथेत हा तरुण राजाचा भाचा होतो आणि युक्तीही सविस्तर येते. गाथा जेवणाच्या सुरुवातीला म्हणायची नाही, राजा शेवटचा घास उचलेल तेव्हा म्हणायची. राजा तो घास ठेवून देईल. त्या घासात जेवढी शितं, तेवढे तांदूळ पुढच्या वेळी कमी शिजवायचे. हा तपशील मागाहून जोडलेला असणार, इतिहास म्हणून मी त्यावर पैज लावणार नाही. पण ज्याने तो जोडला त्याला खाणारा माणूस नीट ठाऊक होता. पहिल्या घासाला अडवलं तर माणूस भांडतो. शेवटच्या घासाला पोट भरलेलं असतं, तेव्हा एक घास सोडणं जमतं. माझ्या यादीने मला पहिल्याच घासाला अडवलं होतं.

याच्या अगदी उलटी नोंद मुघल दरबारातली आहे. अबुल फज्लच्या 'आईन-ए-अकबरी'त शाही स्वयंपाकघराची मापं दिली आहेत. त्यातली खिचडी ऐका. तांदूळ 5 शेर, डाळ 5 शेर आणि तूपही 5 शेर! पण बादशहा स्वतः दिवसातून एकदाच जेवतो आणि पोट पूर्ण भरायच्या आत थांबतो, असं तोच लिहितो. अकबराने मांसही एकदम वर्ज्य केलं नाही. आधी शुक्रवार, मग रविवार, असे बिनमांसाचे दिवस वाढवत नेले. आणि हे लिहिणारा अबुल फज्ल? 'मआसिर-उल-उमरा'त म्हटलंय, की पाणी सोडून त्याचा रोजचा आहार 22 शेर होता. आकडा फुगवलेला असेल, दरबारी लोकांना त्याची सवयच असते. खरी गंमत पुढे आहे. त्याच्याही ताटापाशी घरचाच तरुण असायचा, त्याचा मुलगा अब्दुर्रहमान. वडिलांनी ज्या पदार्थाला दोनदा हात घातला तो दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचा, अशी व्यवस्था होती. एकाचा भाचा सुटलेला घास मोजत होता, दुसऱ्याचा मुलगा आवडलेला घास. अबुल फज्लचा शेवट मात्र जेवणाने झाला नाही. 1602 साली दख्खनहून परतताना वीरसिंहदेव बुंदेल्याच्या माणसांनी त्याला मारलं, तेव्हा तो 51 वर्षांचा होता.

पसेनदी मज्झिम निकायातल्या धम्मचेतिय सुत्तात पुन्हा भेटतो. तिथे तो बुद्धांना म्हणतो, आपण 80 वर्षांचे, मीही 80 वर्षांचा. एकेकाळी धापा टाकणारा राजा 80 वर्षांपर्यंत पोचलेला.

जेतवनात डबा संपवताना पत्नी म्हणाली, "अहो, राजाला भाचा होता, तुम्हाला मी आहे. पण 100 कहापण रोज लागतील." मी हसलो, पण अडलो. ताटात टाकायचं नाही ही आईची शिकवण, आणि फौजेची पण. तिने तोड काढली. शेवटची पोळी वाढण्याआधीच तिचा चतकोर मोडायचा, तो दाराशी येणाऱ्या कुत्र्याला द्यायचा आणि उद्या तेवढी कणीक कमी मळायची. कुत्र्याचं भलं काही दिवसच झालं. माझे मात्र 14 महिन्यांत 11 किलो उतरले. कॅटेगरी परत वर गेली, ती नेमणूक परत आली नाही. त्याचं दुःख नाही असं म्हणणार नाही, अजून आहे.

निहारी मी सोडली नाही. लखनौला गेलो की खातो, एका कुलच्याबरोबर. होळीला पुरणपोळीवर तूपही घेतो.

मागच्या हिवाळ्यात पलटणीच्या जुन्या लोकांचा मेळावा होता, मी एकटाच गेलो होतो. बड्या खान्यात माझ्या जुन्या सुभेदारसाहेबांनी स्वतःच्या हाताने ताटात गुलाबजाम घातले. दोन झाल्यावर मी हात आडवा धरला, त्यांनी तो बाजूला केला आणि तिसरा घातला. खाल्ला. घरी आल्यावर पत्नीने विचारलं, "किती?" मी खरा आकडा सांगितला. ती काही बोलली नाही. परातीतलं मूठभर पीठ परत डब्यात टाकलं आणि कणीक मळायला बसली.

जय हिंद.