टाळेबंदी, कंबरदुखी आणि दुरून व्यायाम

१/ २५ मार्च २०२०. देशभर टाळेबंदी लागू झाली आणि जुनाट कंबरदुखीच्या, सांधेदुखीच्या रुग्णांची दवाखान्याची वाट बंद झाली. त्याच दिवशी केंद्राची टेलिमेडिसिनविषयक मार्गदर्शक तत्त्वे आली. फोन वा व्हिडिओवरून सल्ला देण्यास डॉक्टरांना प्रथमच स्पष्ट नियम मिळाले.

२/ दुरून व्यायाम ही कल्पना मात्र जुनीच. जपानमध्ये १९२८ पासून लोक रेडिओवरील सूचनांबरहुकूम व्यायाम करू लागले होते.

३/ मोठा बदल घडला तो विचारांत. एकेकाळी कंबर धरली की अंथरूण धरावे, असाच सल्ला मिळे. १९८६ साली अमेरिकेत रिचर्ड डेयो व सहकाऱ्यांनी दाखवले, की नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीत दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांइतकीच गुणकारी ठरते. जुनाट दुखण्यात तर पुढे व्यायाम हाच प्रमुख उपचार मानला गेला.

४/ म्हणूनच २०२० मध्ये सतरंजी, भिंत आणि खुर्ची एवढ्यावर उपचार चालू राहू शकला. हरवला तो तज्ज्ञ हाताचा स्पर्श. आणि ज्यांच्या घरी स्मार्टफोन नव्हता, की सतरंजीपुरती मोकळी जागाही नव्हती, ते या सोयीबाहेरच राहिले. या काळाच्या इतिहासात त्यांचीही नोंद व्हायला हवी.