माळवदाचं ओझं

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती आणि गणपती बोळवून थकलेली माणसं गाढ झोपेत होती. किल्लारीच्या भूकंपाची गोष्ट आपल्याकडे नेहमी इथून सुरू होते. मग लगेच आकडे येतात: १० हजारांच्या आसपास मृत्यू, ५२ गावं उठवून नव्या जागी वसवली. मला ती गोष्ट एक वर्ष आधीपासून सांगावीशी वाटते.

१९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारीची जमीन कुरकुरत होती. लहान लहान धक्के येत होते. १८ ऑक्टोबरला त्यांतला मोठा धक्का बसला आणि घाबरलेली माणसं घराबाहेर झोपू लागली. पुढे धक्के कमी झाले, तशी सगळी परत आत गेली. त्यांना दोष कसा देणार? सरकारी भूकंप-नकाशात हा सगळा पट्टा सर्वांत कमी धोक्याचा होता. दख्खनचा काळा पाषाण हलत नाही, असा शिकल्यासवरल्यांचाही समज होता. खरं तर १९६७ मध्ये कोयनेनं तो एकदा मोडून काढलेला होता.

किल्लारीचा धक्का सुमारे ६.२ रिश्टरचा. जगाच्या हिशेबात हा मध्यम. साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ ला, अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज इथं ६.७ चा भूकंप झाला. तोही पहाटेच, माणसं झोपेत असताना. तिथं साठेक माणसं गेली. इतका फरक का पडला, याचं बरंचसं उत्तर डोक्यावरच्या छपरात आहे. तिथली बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची, हलकी होती. आपल्याकडे होतं माळवद.

माळवद ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: लाकडी तुळया, त्यांवर आडवी लाकडं, त्यांवर काड्या किंवा फळ्या आणि वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर गार, थंडीत उबदार. वर धान्य, मिरच्या, कुरडया वाळवायच्या, रात्री झोपायचं. मराठवाड्याच्या उन्हात याहून शहाणं छप्पर सापडणं अवघड. पण माती पावसानं वाहते, भेगा पडतात, गळती लागते. म्हणून दर एकदोन वर्षांनी वर नवी माती पडते. जुनी कोणी काढत नाही. आजोबांची माती, वडिलांची माती, आपली माती, असे थरांवर थर चढत जातात.

एक साधा हिशेब करून पाहा. दहा बाय बाराची खोली, वर दीड फूट माती. ही पाच घनमीटर माती झाली, म्हणजे कोरडी असतानाच सुमारे आठ टन. ट्रॅक्टरच्या दोन-तीन भरलेल्या ट्रॉल्या डोक्यावर घेऊन आपण झोपतो. पाऊस मुरला की वजन आणखी वाढतं.

हे ओझं पेलायला भिंती जाड, दोन-दोन, तीन-तीन फुटी. बाहेरून बघताना वाटतं, ही तर गढीच. आतून मात्र तिची अवस्था वेगळी असते. बाहेरच्या अंगाला घडीव दगडांची एक रांग, आतल्या अंगाला ओबडधोबड दगडांची दुसरी आणि मधल्या पोकळीत खडे-माती भरलेली. दोन्ही रांगांना एकमेकींशी बांधणारा आरपार दगड बहुतेकदा नसतोच. धक्का बसला की दोन रांगा दोन दिशांना उलगडतात. गवंडी म्हणतात ना, भिंतीला पोट आलंय? तीच या उलगडण्याची सुरुवात. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी या गावांत अशीच पोटं काही सेकंदांत फुटली आणि वरची माती खाली आली. दगड चुकवला तरी मातीनं गुदमरवलं.

त्याच ढिगाऱ्यांत काही ठिकाणी मात्र लाकडी खांब आणि तुळया तशाच उभ्या होत्या. ज्या खणाच्या घरांत छपराचा भार भिंतीवर न ठेवता नीट जोडलेल्या लाकडी सांगाड्यावर घेतला होता, तिथं भिंत पडली तरी छप्पर टिकू शकलं. म्हणजे वाचवणारी विद्या गावात होती. पण चांगलं लाकूड महाग होत गेलं आणि खांबाचं काम भिंतीवर आलं.

आता कडा. आष्टी तालुक्यातलं हे गाव किल्लारीपासून सरळ रेषेत पावणेदोनशे किलोमीटर तरी दूर आहे. किल्लारीचं आम्हाला काय, असं इथं कोणी म्हणू शकेल. पण २६ जानेवारी २००१ ला भुजच्या भूकंपात सव्वादोनशे किलोमीटरहून लांबच्या अहमदाबादमध्ये बहुमजली इमारती कोसळून शेकडो माणसं मेली. त्या दगड-मातीच्या नव्हत्या, सिमेंट-लोखंडाच्या होत्या. आणि दगड-मातीचं घर पाडायला भूकंपच लागतो असंही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आष्टी तालुक्यात असा पाऊस झाला की कड्याच्या परिसरात पुरात अडकलेल्यांना काढायला लष्कराचं हेलिकॉप्टर आलं. ओल मुरलेली भिंत पावसातही बसते, आणि पुष्कळदा उघडीप पडल्यावर, सगळे निर्धास्त असताना.

किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या कर्जावर मोठा पुनर्वसन कार्यक्रम उभा राहिला. नवी गावं वसवण्याची चर्चा खूप झाली. रुंद रस्ते, सरळ ओळी, हरवलेल्या गल्ल्या, हे सगळं लिहून झालेलं आहे. मला त्यातला कमी गाजलेला भाग जास्त मोलाचा वाटतो. जी घरं पडली नव्हती, अशी दोन लाखांच्या आसपास घरं दुरुस्त आणि मजबूत करायचं काम त्यात होतं. माळवदावरची जादा माती उतरवायची. भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडून त्यांत सळई आणि काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही रांगा टाचल्या जातात. खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरके आधार द्यायचे. साधी कामं, गावचा गवंडी शिकू शकेल अशी.

हे घरोघरी पोचवायला लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं गेलं. प्रेमा गोपालन यांची स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था त्यामागे होती. अनुदानाचा हप्ता कधी येणार इथपासून गवंड्यानं भोक आरपार पाडलं की नुसतं लिंपून टाकलं इथपर्यंत बायका बघू लागल्या. पुढे भुजच्या भूकंपानंतर यांतल्याच काही जणी गुजरातेत तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या.

तरीही बहुतेक कुटुंबांनी काय केलं? जुनं घर होतं तसंच ठेवलं आणि अनुदानातून शेजारी विटा-सिमेंटची एक खोली बांधली. ज्यांनी दगडाखालून माणसं काढली, त्यांचा दगडावर विश्वास कसा बसावा? ते समजण्यासारखं आहे. पण त्यामुळे ‘दगड वाईट, स्लॅब चांगला’ एवढाच धडा पसरला आणि टाचणीची विद्या मागे पडली. स्लॅबलाही नीट सळई, कॉलम आणि पाणी मारणं लागतं, हे अहमदाबादनं दाखवलंच.

तुमचं घर जुनं असेल तर रविवारी अर्धा तास काढा. भिंतीला बाहेरून डोळा लावून पोट आलंय का बघा. कोपऱ्यात दोन भिंतींच्या जोडावर उभी भेग असेल तर त्या कोपऱ्यातली खाट आजच हलवा. माळवदावर माती किती साठलीय ते काठावर मोजा. उन्हाळ्यात नवी टाकण्याआधी जुनी उतरवायला सांगा, आजी कितीही नको म्हणाली तरी. रात्री बाहेर पडायची वेळ आली तर गल्लीतल्या सगळ्यांनी कुठल्या मोकळ्या जागी जमायचं, आणि अंथरुणाला खिळलेलं माणूस कुणाच्या घरात आहे, हे शेजाऱ्यांना आधीच माहीत हवं. किल्लारीत पहिली माणसं ढिगाऱ्यातून काढली ती हातांनी, वाचलेल्या घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी. फौज नंतर पोचली.

आणि पत्र्याचं घर असेल तर? २१ मार्च २०२४ ला सकाळी ६ च्या सुमारास हिंगोली भागात ४.५ चा धक्का बसला, नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. तेव्हा प्रशासनानं लोकांना एक गोष्ट सांगितली: पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेले दगड काढून घ्या. कड्यातही वाऱ्याच्या धास्तीनं पत्र्यावर दगड ठेवलेले दिसतात, बहुतेकदा खाटेच्या बरोबर वर. त्याऐवजी पत्रा खालच्या लोखंडी पाइपाला जे-हुकानं आवळता येतो. ते हुक हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. लावताना वायसर विसरू नका, नाहीतर भोकातून गळेल आणि कोणीतरी पुन्हा वर दगडच ठेवेल.