टाइप 77 आणि त्याचे भाऊबंद

अबुल फजलाच्या ऐन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्यातील सरकारांची जी यादी आहे, तीत ‘कळम’ नावाचे एक सरकार येते. ते म्हणजे आमचे चिंतामणीचे कळंब होय, असा निर्णय करताना केवळ नामसादृश्यावर विसंबून भागत नाही, कारण कळंब नावाचे दुसरे तालुक्याचे गाव धाराशिव जिल्ह्यात आहे, फारसी लिपीत आपला ‘ळ’ नाही, आणि नक्कलनविसाच्या हातून एखादा नुक्ता इकडचा तिकडे झाला की गावच पालटते. माहूर, वाशीम, पवनार ही शेजारची सरकारे पाहावी, सुभ्याची शीव पाहावी, आणि मगच बोट ठेवावे. ही सवय अंगी बाणलेल्या माणसाला विमानांच्या इतिहासातही तीच उपयोगी पडेल, अशी मला कल्पना नव्हती.

26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगड येथे मिग-21 विमानाने भारतीय वायुसेनेचा निरोप घेतला, त्या आठवड्यात शेजारचा अकरावीतला मुलगा वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आला. “काका, 1963 साली आलं ते हेच विमान का?” असे त्याने विचारले. मी ‘हो’ म्हणालो, आणि रात्री पुस्तके उघडून बसलो तेव्हा आपण त्या मुलाला चुकीचे उत्तर दिले हे माझ्या ध्यानात आले.

1963 साली चंदीगडला 28 व्या स्क्वाड्रनसाठी जी पहिली सहा विमाने आली, ती एफ-13 या प्रकाराची, आणि भारतीय वायुसेनेच्या बोलीत ‘टाइप 74’ म्हणून ओळखली जाणारी होती. त्यांच्यामागून पीएफ, म्हणजे टाइप 76, आले; त्यानंतर एफएल, म्हणजे टाइप 77; मग एम, म्हणजे टाइप 96; आणि सर्वांत शेवटी बिस, म्हणजे टाइप 75. वाचकाने येथे क्षणभर थांबावे. क्रमांक चढता पाहून जो वय ठरवील, तो सर्वांत धाकट्याला आजोबांच्या पंक्तीला बसवील. कारण हे आकडे सोविएत कारखान्यांतील उत्पादनाच्या संकेतांक-पद्धतीतून आले असून कालक्रमाशी त्यांचा संबंध नाही. त्यावर ‘फिशबेड’ या पाश्चात्त्य नावाला अक्षर जोडण्याची आणखी एक पद्धत आहे, आणि तीत एम व त्याच्याच घराण्यातला एमएफ हे दोन्ही प्रकार ‘जे’ या एकाच अक्षराखाली कोंबलेले आढळतात. एकाच विमानाला तीन दरबारांत तीन नावे, आणि मराठी वृत्तपत्रांत मात्र साऱ्यांना मिळून एकच: मिग!

परदेशी ग्रंथकारांची अडचण मी समजू शकतो. सोविएत कारखान्याचे दार त्यांना बंद, दफ्तर त्याहून बंद. संचलनात आणि प्रदर्शनात आकाशातून जे दिसे, तेवढाच पुरावा. 1956 साली मॉस्कोजवळ तुशिनो येथे मिकोयान संस्थेची आदिरूपे उडाली, त्यांत एक त्रिकोणी पंखांचे आणि एक मागे झुकलेल्या पंखांचे होते. या दुसऱ्याला पाश्चात्त्यांनी ‘फेसप्लेट’ असे नाव दिले, आणि हेच पुढे सेवेत येणार असे गृहीत धरून ते कित्येक वर्षे ग्रंथांतून मिरवले. प्रत्यक्षात उत्पादनासाठी निवड झाली ती त्रिकोणी पंखांची. एका ग्रंथाने लिहिले, दुसऱ्याने उतरवून घेतले, तिसऱ्याने त्या दोघांचा दाखला दिला. बखरींच्या बाबतीत राजवाड्यांनी जो संताप व्यक्त केला, त्याचे कारण याहून निराळे नव्हते.

राजवाड्यांनी अस्सल पत्राला जे स्थान दिले, ते येथे मी प्रत्यक्ष विमानाच्या देहाला देतो. एफ-13 चे वेगदर्शकाचे लांब दांडके नाकाडाच्या खालच्या अंगाला, तर पीएफ आणि एफएल यांचे वरच्या अंगाला. शिवाय या दोघांच्या नाकाडातील शंकू मोठा, कारण त्यात रडार. एफएलच्या पंखांखाली शस्त्रे टांगण्यासाठी दोनच जागा, एमच्या पंखांखाली चार. एमची पाठ फुगीर, आणि बिसची त्याहूनही भरलेली. एफएलची काचेची छत्री पुढच्या बाजूला उघडते, एमची आडवी. मात्र एम आणि एमएफ यांच्यातला मुख्य भेद इंजिनाचा. तेथे छायाचित्र कितीही सुरेख असले तरी केवळ त्यावरून निर्णय देणे धाडसाचे.

देहाची ही साक्ष कशी उपयोगी पडते, त्याचे एक उदाहरण देतो. 12 डिसेंबर 1971 रोजी कच्छच्या आखातावर 47 व्या स्क्वाड्रनचे फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनी यांनी पाकिस्तानचे एफ-104 विमान तोफेने पाडले. त्यांचे विमान एफएल होते, आणि एफएलच्या देहात तोफ मुळी नव्हतीच! उलगडा असा की, पोटाखाली टांगण्याची जीपी-9 नावाची पेटी होती, तीत दुनळी 23 मिलिमीटर तोफ आणि 200 गोळ्या बसत. त्या झुंजीच्या वर्णनात ज्याने देहातल्या तोफेचा उल्लेख केला, त्याने पुढच्या पिढीतील एमचे वर्णन एफएलच्या खात्यावर मांडले, असे खुशाल समजावे; ओझरहून एम मिळू लागले ते 1973 पासून.

ओझरचे नाव निघाले की लेखणी जरा रेंगाळते. नोव्हेंबर 1962 मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, 1963 साली नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले, आणि त्याच नाशिकपासून जवळ, मुंबई-आग्रा रस्त्यावरील ओझर येथे मिगचा सांगाडा बांधण्याचा कारखाना उभा राहिला. इंजिनाचे काम ओडिशातील कोरापुटकडे, विद्युत्‌-उपकरणांचे हैदराबादकडे. म्हणजे एका विमानाचे दफ्तर तीन मुलखांत विभागले गेले, हेही अभ्यासकाने आरंभीच जाणून असावे.

आता मोजदादीकडे येऊ. भारतात बांधलेल्या मिग-21 विमानांची संख्या म्हणून 657 हा आकडा संदर्भग्रंथांत वारंवार भेटतो. प्रकारवार आकडे म्हणून जे दिले जातात ते असे: एफएल 205, एम 158, बिस 220. यांची बेरीज 583 होते. 74 विमानांची तफावत ही हिशेबनिसाची डुलकी म्हणून सोडून देता येण्याजोगी नव्हे. माझा कल असा की, घोळ आकड्यांत नसून ‘बांधले’ या क्रियापदात आहे. परवान्याखालील उत्पादन पायरीपायरीने चालते: आधी आयते मोठे भाग येतात आणि येथे जोडले जातात, पुढे सुटे भाग येतात, आणि अखेरीस कच्च्या मालापासून विमान घडते. या तिन्ही विमानांना एकच क्रियापद लावले की एक लेखक पहिली पायरी धरतो, दुसरा सोडतो, आणि दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात. म्हणून ‘किती बांधली’ या प्रश्नाआधी ‘कशापासून बांधली’ हा प्रश्न घातला नाही, तर कोणतेही कोष्टक हाती घेण्यात अर्थ नाही.

वैमानिकांच्या आठवणी मी बखरीच्या कपाटात ठेवतो, आणि हे अनादराने म्हणत नाही. प्रसंगाचा ताप, धावपट्टीवरची भीती, सोबत्याचे नाव, हे तेथेच मिळते, अन्यत्र कोठेही मिळत नाही. सन आणि प्रकार मात्र तेथून उचलताना दुसरा साक्षीदार हवा. ओझरच्या वसाहतीत ज्यांनी या विमानांचे पत्रे रिव्हेट केले, त्यांच्यापैकी एफएलच्या काळातील कामगार आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या तोंडच्या हकिकती कोणी मराठीत उतरवून घेतल्या, तर ‘बांधले’ या क्रियापदाचा निवाडा त्यांच्याइतक्या अधिकाराने दुसरे कोण करील?

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला बोलावले, आणि आदल्या दिवशीचे माझे उत्तर चुकले, हे आधी सांगितले. मग त्याच्या हाती भिंग दिले. कात्रणातल्या विमानाच्या अंगावर आकड्यांपूर्वी ‘सीयू’ ही दोन अक्षरे होती. बिस प्रकारची 125 विमाने नव्या शतकाच्या आरंभी, बहुतेक ओझर येथेच, नूतनीकरण होऊन ‘बायसन’ झाली, तेव्हा मूळच्या ‘सी’ पुढे ‘यू’ जोडला गेला, आणि पुढचा आकडा जुनाच राहिला. मुलाने भिंग कागदावरून मागेपुढे केले, आकडा दोनदा वाचला, आणि कात्रण उलटून पाठीमागे पेन्सिलीने लिहिले: बिस, नंतर बायसन, चंदीगड. खाली वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख घातली. मग थोडे थांबून, 1963 हा आकडा त्याने आधी लिहिलेला होता, तो खोडला.