बंद पडलेल्या यंत्राची जबानी

नागपूर हे शहर दूरवरून सुटलेल्या हुकमांना सरावलेले आहे. १८५४ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले तो हुकूम कलकत्त्याच्या कंपनी सरकारचा होता, आणि १९५६ साली मध्य प्रदेशाची राजधानी येथून हलली तो निर्णय दिल्लीचा. तेव्हा सकाळी सुरूच होईना म्हणून बगलेत मारून सीताबर्डीवर आणलेल्या संगणकाचा रोग मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतील रेडमंड नामक गावी उद्भवलेला निघावा, याचे नागपूरकराला फारसे नवल वाटू नये.

संगणक-दुरुस्तीच्या या धंद्याच्या आरंभी मात्र रोगही नागपूरचाच असे. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे गेला की घरोघरी कूलर सुरू होत, त्यांची ओलसर हवा नेमकी संगणकाच्या डब्यावर येई, आणि त्या ओलीवर बर्डीची धूळ बसून रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात काळवंडत. अशा वेळी यंत्र पडद्यावर एक अक्षर न उमटवता एकसारखी लांब शिट्टी देई. दुरुस्ती करणारा ती शिट्टी वैद्याने नाडी ऐकावी तशी ऐके, डबा उघडून पट्टी उपसे, शाळकरी खोडरबराने तिचे दात दोन्ही बाजूंनी घासून चकचकीत करी आणि पट्टी पुन्हा खाचेत दाबी. दहांतली कित्येक यंत्रे एवढ्यावरच जागी होत. भारनियमनाने अकस्मात वीज गेल्यामुळे हार्डडिस्क बिघडली असेल तर मात्र ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो’ हे ठरलेले वाक्य ऐकून घ्यावे लागे.

ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टने आपल्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसृत करण्याचा शिरस्ता घातला. पण त्याची झळ येथे उशिरा पोचली. एकतर टेलिफोनच्या तारेवरून कूर्मगतीने येणारे इंटरनेट या कामी खर्च करण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती, आणि दुसरे असे की पुष्कळांच्या संगणकांतील विंडोज सनदेवाचूनच नांदत असल्यामुळे, अपडेट कायमचे बंद करून ठेवणे हा दुकानदाराच्या सेवेचाच एक भाग होता. (या गुन्ह्याचे समर्थन मी करीत नाही, पण इतिहास लिहायचा तर तो वगळताही येत नाही.) २०१५ साली विंडोज १० आले, आणि घरगुती आवृत्तीतून अपडेट कायमचे नामंजूर करण्याची ती मुभा गेली. तेव्हापासून यंत्र बंद करताना पडद्यावर टक्के चढू लागतात. त्या मुदतीत जुन्या फायली उठून नव्या पुरत्या रुजू झालेल्या नसतात, आणि नेमकी वीज गेली तर यंत्राची अवस्था जुना कारभारी बडतर्फ आणि नवा वाटेवर अशा दफ्तरासारखी होते.

त्यामुळे तपासाची रीतही पालटली. पूर्वी प्रश्न असे, ‘कूलर कुठे ठेवता?’ आता गिऱ्हाइकाची जबानी एकाच वाक्याची असते: ‘काहीच नाही केलं भाऊ, ते आपोआपच अपडेट होऊन राहिलं होतं.’ मग सुरू होता होताच यंत्र दोनतीनदा जबरीने बंद करायचे, म्हणजे ते स्वतःच दुरुस्तीचा निळा पडदा पुढे करते. तेथून शेवटचे अपडेट काढून टाकायचे, न साधल्यास सेफ मोडमध्ये शिरायचे, आणि तेही दार बंद असेल तर गळ्यातल्या दोरीचा पेनड्राइव्ह खोचायचा.

१९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीची एक सदोष फाइल आपल्याकडच्या सकाळी पावणेदहाच्या सुमारास सुटली आणि अठ्ठ्याहत्तर मिनिटांनी मागे घेतली गेली; तेवढ्यात जगातील सुमारे ८५ लाख संगणक आडवे झाले आणि हैदराबादच्या विमानतळावर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. घरगुती यंत्रांत त्या कंपनीचे सॉफ्टवेअर नसल्याने सामान्य गिऱ्हाइकाला त्याची बाधा झाली नाही. मला त्या प्रकरणात महत्त्वाचे वाटते ते एवढेच की फाइल तारेवरून गेली, पण तिला हुसकण्यासाठी बहुतेक ठिकाणी कुणालातरी प्रत्येक यंत्रापुढे बसून, सेफ मोडमध्ये शिरून, ती एक फाइल हाताने पुसावी लागली. शिवाय ज्या यंत्रांच्या डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप होते, त्यांच्यासाठी अठ्ठेचाळीस आकडी किल्ली आधी धुंडाळावी लागली.

तसली किल्ली टंकताना मी परवा बर्डीवर पाहिली. अपडेटनंतर कुलूपबंद झालेला एक डबा टेबलावर होता. गिऱ्हाईक मोबाइलवरून सहा सहा आकडे मोठ्याने वाचीत होते आणि दुकानातला पोऱ्या एकेक कळ दाबीत होता. पाचवे षट्क संपले आणि वीज गेली. इन्व्हर्टरने क्षीण आवाज करून मान टाकली. वीज परत आल्यावर पोऱ्याने काही न बोलता खणातून खोडरबर काढला, रॅमची पट्टी उपसून सवयीने घासली, परत बसवली, आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, ‘हं, सांगा जी, पयल्यापासून.’