कालव्याच्या वर, कालव्याच्या खाली

भिगवण रस्त्यावर, बारामती एमआयडीसीच्या तोंडाशी, टपरीवर तुम्ही चहा घेताय. पाळी सुटलीय. कंपन्यांच्या बसगाड्या वळताहेत आणि पियाजिओच्या कोऱ्या तीनचाकी ट्रेलरवर दाटीवाटीनं बसून निघाल्यात. कप खाली ठेवा, डोळे मिटा.

उघडाल तेव्हा शेड नाहीत. माळ आहे, कुसळं आहेत, लांबवर मेंढरांची धूळ. साल १९६७, महिना फेब्रुवारीचा.

तुम्ही जिरायत पट्ट्यातले. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण या तालुक्यात जातीइतकंच पाणीही विचारतात. कालव्याखालचे का वरचे? निरा डाव्या कालव्याखाली ऊस आहे, गुऱ्हाळं आहेत, सोयरिकीला मान आहे. तुमच्याकडे बाजरी, आणि परतीचा पाऊस झालाच तर शाळू.

आज मतदान. काँग्रेसची बैलजोडी तुमच्या ओळखीची, उमेदवार नवा. वय २६. पारावरचे म्हातारे त्याला नावानं नाही, बापावरनं ओळखतात. काटेवाडीच्या गोविंदरावांचा शरद. तुमच्या आईला त्याची आई जास्त ठाऊक : शारदाबाई १९३८ साली पुण्याच्या लोकल बोर्डावर गेल्या होत्या. घर शेतकरी कामगार पक्षाच्या वळणाचं. १९६० च्या लोकसभा पोटनिवडणुकीत थोरला भाऊ वसंतराव काँग्रेसच्या विरोधात उभा होता आणि हा धाकटा काँग्रेसचा प्रचार करत होता. पारावर त्यावरून अजून दोन तट आहेत. तिकिटावर तालुक्यातले जुने काँग्रेसवालेही नाराज. यशवंतराव चव्हाणांनी मात्र पोराच्या पाठीवर हात ठेवलाय. तुम्ही शिक्का मारता. विधानसभा मुंबईत नक्की कुठं भरते हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि त्यावाचून काही अडलेलंही नाही.

निकालानंतर तो ‘शरदराव’ होतो.

आता तुमच्या हातात टिकाव आहे. पाझर तलावाचं काम. ‘कासा’ या चर्चच्या मदतसंस्थेकडून गहू आणि तेल येतं, तेच मजुरीत मिळतं. दिवसभर पाट्या वाहायच्या आणि मुकादमासमोर रांगेत उभं राहायचं. गहू परदेशी, चपाती जमते, पण भाकरीवर वाढलेल्या पोटाला ती भरल्यासारखी वाटत नाही. या तलावाला पाट नसतो. पाणी साठतं, जमिनीत मुरतं आणि खालच्या अंगाच्या विहिरींना चढतं. ज्याची विहीर खाली, त्याचं नशीब उघडतं. तुमची बांधाच्या वर आहे. आमदार चांगला असला तरी उतार बदलत नाही.

१९७२. शरदराव दुसऱ्यांदा निवडून येतात आणि राज्यमंत्री होतात, आणि आभाळ पाठ फिरवतं. तुम्ही रस्त्याच्या कडेला खडी फोडताय. लाल मिलो ज्वारी, पोरांना सुकडी, मस्टरवर अंगठा. त्याच साली बारामतीत विद्या प्रतिष्ठान ही शिक्षणसंस्था निघते. खडी फोडणाऱ्याला तिचं काय कौतुक? पण तुमचा नातू पुढं तिथंच शिकणार आहे आणि एमआयडीसीत लागणार आहे. या तालुक्यात काही गोष्टी पाण्यासारख्या मुरतात, वर यायला वीस-तीस वर्षं घेतात.

१८ जुलै १९७८. रेडिओवर बातमी : वसंतदादा पाटलांचं सरकार पडलं, शरद पवार मुख्यमंत्री, वय ३७. पेढे वाटले जातात. पारावरचा एकच म्हातारा गप्प आहे. काँग्रेसमधून फुटून सरकार आतून पाडलं हे त्याला रुचलेलं नाही, आणि मला विचाराल तर त्याचं गप्प राहणं पेढ्यांपेक्षा महत्त्वाचं होतं. १९८० च्या फेब्रुवारीत दिल्ली हे सरकार बरखास्त करते. म्हातारा तरीही काही बोलत नाही. मत मात्र तो तुमच्याबरोबरच देऊन येतो.

पुढची वर्षं भराभर जातात. १९८४ ला लोकसभा, वर्षभरात पुन्हा विधानसभा, १९८६ ला काँग्रेसमध्ये परत, १९८८ ला पुन्हा मुख्यमंत्री. आता प्रचारात साहेब राज्यभर फिरतात; बारामतीत शेवटच्या दिवशी, मिशन हायस्कूलच्या मैदानावर सांगता सभा. गोविंदरावांचा शरद, मग शरदराव, मग पवारसाहेब, आता नुसतं साहेब. नाव जसं आखूड झालं तसा माणूस लांब गेला.

डोळे उघडा. चहा निवलाय. शेजारी बसलेला म्हातारा सुप्याकडचा आहे. जनाई-शिरसाई योजनेचं पाणी येणार, येणार म्हणत त्याची उमेदीची वर्षं गेली. तरी एकही निवडणूक त्यानं चुकवलेली नाही.

१९६७ ते १९९० या काळात शरद पवार बारामतीतून सहा वेळा विधानसभेवर गेले. १९९१ साली ती जागा पुतण्याकडे, अजित पवारांकडे आली. त्यांना तालुका ‘दादा’ म्हणू लागला.